वारुळावरचीं छत्रें

कुलस्वामिनीच्या दर्शनाला निघालेल्या मनुष्याची दृष्टि साहजिकच वर असते. नाशिकहून दिंडोरीच्या रस्त्यानें वणीकडे येतांना सप्तशृंगाची ती उभी काळी भिंत एकदां नजरेच्या टप्प्यांत आली, म्हणजे मग रस्त्याच्या दोहों बाजूंस काय आहे इकडे कोण पाहतो? आम्हींहि पुष्कळ वर्षें पाहिलें नाहीं. सप्तशृंगी ही आमची कुलदेवता. त्यामुळें आश्विनांतील नवरात्राच्या आगेंमागें वणीची खेप आमच्या घरीं ठरलेली असते. वणीस आमचे मामेबंधु राहतात. गांवाबाहेर त्यांचा मळा आहे. थोडीं द्राक्षें, थोडें सोयाबीन, एका बाजूला भुईमूग आणि बांधापलीकडे गुरांसाठीं राखलेलें गवत. त्यांच्याकडे एक रात्र मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशीं नांदुरीवरून गडावर जाऊन अठरा हातांच्या देवीची ओटी भरावी आणि संध्याकाळीं परतावें, असा आमचा क्रम. त्या क्रमांत वांकून जमिनीकडे पाहण्यास जागाच नव्हती.

तीन वर्षांपूर्वीं ती जागा अचानक मिळाली. त्या वर्षीं पाऊस लांबला होता. कांहीं घरगुती कामानिमित्त घटस्थापनेच्या पांचसहा दिवस आधींच आम्हांला वणीस यावें लागलें. काम अर्ध्या दिवसांत आटोपलें आणि हातीं मोकळा वेळ उरला. बरोबर कॅमेरा होता. भाद्रपदाच्या अखेरीचे दिवस, पहाटें गवतावर दंव, दुपारीं चटका आणि संध्याकाळीं मार्कंड्याच्या बाजूनें चढून येणारे ढग, अशा हवेंत मळ्याच्या बांधावरून हिंडत असतां जें दिसलें, त्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे. त्यांत आमच्या हातून घडलेली एक मोठी चूकहि सांगावयाची आहे. किंबहुना ती सांगावी म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

नांव हरवलेली वस्तु

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बांधावरच्या एका जुन्या वारुळाच्या पायथ्याशीं, आदल्या संध्याकाळीं जेथें कांहीं नव्हतें तेथें, पंधरावीस भूछत्रें उभीं होतीं. कांहींचीं डोकीं अजून मिटलेलीं होतीं. कांहीं तळहाताएवढीं उघडून कडेला चिरलीं होतीं. प्रत्येकाच्या माथ्यावर मध्यभागीं एक करडें, टणक टोंक होतें. त्या टोंकानेंच त्यांनीं जमीन फोडली असावी, असें पाहतांक्षणींच वाटलें. आम्ही गोणपाट पसरून तेथेंच आडवे झालों आणि चित्रें घेऊं लागलों.

चहाला हांक मारायला आलेल्या वहिनी बांधावरच थबकल्या. "अहो भाऊजी, फोटो काढायला मळ्यांत फुलें नाहींत का? कुत्र्याच्या छत्र्या त्या!"

वहिनींचें चुकलें असें म्हणतां येणार नाहीं. आमच्यासारख्या घरांतून या वस्तूला याहून अधिक आदराचें नांव क्वचितच मिळालें आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीला कवक बसविलें आहे आणि द्विजांना तें वर्ज्य ठरविलें आहे. पुढें कांदा हळूच स्वयंपाकघरांत आला, लसूणहि आला. कवक मात्र अगदीं अलीकडे, बाजारांतील बंद डब्यांतून, आणि तेंहि इंग्रजी नांवानें आलें. जी वस्तु स्वयंपाकघरांत येत नाहीं तिचीं नांवें बायकांच्या तोंडीं राहत नाहींत, आणि बायकांच्या तोंडीं नाहींत तीं नांवें मुलांना कोण शिकविणार? कोंकणांतील लोक अळंबीं म्हणून हौसेनें खातात; आमच्याकडे मात्र शेंकडों प्रकारच्या वस्तूंना मिळून ती एकच कुत्र्याची छत्री.

तेवढ्यांत मळ्यावर कामाला येणाऱ्या एक वयस्क बाई तेथें आल्या. या कोकणा समाजाच्या. घाटमाथ्याकडच्या पाड्यावरून लग्न होऊन इकडे आलेल्या. घरांतील सर्व मुलें त्यांना आजी म्हणतात, म्हणून आम्हीहि आजीच म्हणतों. त्यांनीं एक छत्र दांड्याशीं धरून हलकेंच फिरवीत वर ओढलें. जमिनीच्या वर वीतभर दिसणारा तो दांडा जमिनीखालीं तितकाच, किंबहुना अधिकच लांब निघाला. खालीं निमुळता होत गेलेला, मुळीसारखा.

"ही वारुळाची. चांगली असत्यात," आजी म्हणाल्या. "आज खायाची. उद्या किडं पडत्यात."

त्यांनीं आठदहा घेतलीं, बाकीचीं तशींच ठेविलीं. उरलेलीं कां नाहीं घेत, असें विचारतां, "पुढच्या साली यायला नकोत का?" एवढेंच म्हणून त्या गेल्या.

वाळवीची शेती

आजींनीं दोन वाक्यांत सांगितलें त्याच्या मागचें शास्त्र मोठें मनोरंजक आहे. भूछत्र हें वनस्पति नव्हे आणि प्राणीहि नव्हे. त्याला हिरवा रंग नाहीं, त्यामुळें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची विद्या त्याला येत नाहीं. आणि त्याच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या असतात, तें कायटिन नांवाचें द्रव्य किड्यांच्या कवचांत सांपडतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं कवकांचें एक वेगळेंच राज्य मानलें आहे. आपण ज्याला भूछत्र म्हणतों, तें त्या जीवाचें केवळ फळ. खरा जीव म्हणजे जमिनींत, लांकडांत किंवा शेणांत पसरलेलें सुतासारखें बारीक जाळें. आंब्याचें झाड जमिनीखालीं आणि आंबा तेवढा वर, अशी कल्पना करावी.

वारुळावरच्या जातीची गोष्ट आणखीच निराळी. आपण वारूळ म्हटलें कीं नागाची आठवण करतों, पंचमीला त्याची पूजाहि करतों. परंतु वारूळ बांधणारी ती वाळवी. वाळवीला वाळलेलें गवत आणि लांकूड स्वतः पुरतें पचवितां येत नाहीं. म्हणून तिच्या कांहीं जाती वारुळाच्या पोटांत शेती करतात. कामकरी वाळवी चघळलेल्या काडीकचऱ्याचे स्पंजासारखे गोळे रचते. त्यांवर हें कवक वाढतें, लांकडांतील कठीण भाग मऊ करतें, आणि मग वाळवी तेंच खाते. हा व्यवहार सुमारें ३ कोटि वर्षें चालत आलेला आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मनुष्याची शेती दहाबारा हजार वर्षांची, हें लक्षांत घेतलें म्हणजे आपल्या मळ्यांतील जुना शेतकरी कोण याविषयीं शंका राहत नाहीं.

पावसाळ्यांत जमीन पुरती भिजली म्हणजे त्या पाताळांतील शेतांतून हीं छत्रें वर येतात. म्हणूनच त्यांना ती लांब मुळी. रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं या कुळाला टर्मिटोमायसीस, म्हणजे वाळवीचें कवक, असें नांव दिलें. बाजारांतील पांढरें अळंबें पेंढ्यावर हवें तितकें पिकवितां येतें. हें मात्र वाळवीवांचून छत्र धरीत नाहीं. त्याची लागवड अद्याप कोणाला साधलेली नाहीं.

वारुळाच्या मुळीची ही खूण आम्हीं वहींत टिपून घेतली. दोनच दिवसांनीं तिचा उपयोग करण्याची वेळ आली, आणि तेव्हां ती आम्हांला आठवली नाहीं.

आमची चूक

मामेबंधूंचा मुलगा महाविद्यालयांत शिकतो. आमचें हें भूछत्रांचें वेड पाहून त्यालाहि स्फुरण चढलें. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं त्यानें उकिरड्यापलीकडच्या गवतांत एक मोठें नवल शोधून काढलें. ताटाएवढालीं पांढरीं छत्रें, वर तपकिरी खवले, दांड्यावर बांगडीसारखें सैल कडें. आणि तीं सर्व एका मोठ्या वर्तुळावर मांडल्यासारखीं उगवलेलीं. जमिनींतील जाळें एका बिंदूपासून चोहोंकडे सारखें पसरत जातें व कडेवर छत्रें धरतें, म्हणून असें रिंगण पडतें. त्यानें वरून एक सुरेख चित्र घेतलें. मोबाइलमध्यें चित्र दाखविलें असतां वस्तूचें नांव सांगणारी जी सोय हल्लीं निघाली आहे, तिनें एका खाद्य जातीचें नांव सांगितलें. मग तो आमच्याकडे आला.

"काका, हेंच ना तें? युरोपांत फार आवडीनें खातात म्हणे."

आमच्याजवळ एक पुस्तक होतें. त्यांतील चित्राशीं आम्हीं त्याचें चित्र ताडून पाहिलें. तोच खवला, तेंच कडें, तोच ऐटदार दांडा. आम्ही म्हणालों, "बहुधा तेंच असावें."

या तीन शब्दांतील 'बहुधा' आमच्याजवळच राहिला. मुलाजवळ पोंचलें तें उरलेलें. पक्षपंधरवड्यांत घरच्या चुलीवर असलें कांहीं चढणें शक्य नव्हतें. म्हणून त्यानें आणि त्याच्या दोन मित्रांनीं मळ्यांतील पंपाच्या खोलींत स्टोव्ह पेटवून भाजी करण्याचा बेत केला. आम्हांला त्याची कल्पना नव्हती, असें म्हणून सुटतां येणार नाहीं. मुलें तेल-मीठ घेऊन गेलीं तें आम्हीं पाहिलें होतें.

आजी गवताचा भारा घेऊन घरीं चालल्या होत्या. पंपाच्या खोलीशीं त्यांना वास आला. त्यांनीं आंत डोकावून एकच प्रश्न विचारला: "कुठली आणली? मुळी दाखवा." मुळी नव्हती. दांड्याच्या बुडाशीं नुसता गड्डा होता. आजींनीं भारा खालीं टाकला आणि कढई उचलून मातींत पालथी केली. मुलगा रागानें म्हणाला, "आजी, काकांनीं पाहिलीं आहेत!" आजींनीं उत्तर दिलें नाहीं. परंतु एका मित्रानें चव पाहण्यासाठीं दोनतीन फोडी आधींच तोंडांत टाकल्या होत्या.

दोन तासांच्या आंत त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. मग पोटांत कळा, मग जुलाब. रात्रीं दहाच्या सुमारास आम्ही त्याला गाडींत घालून दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं पहिले दोन प्रश्न विचारले ते आम्ही विसरणार नाहीं. खाल्ल्यानंतर किती वेळानें त्रास सुरू झाला? आणि खाल्लेल्या वस्तूचा तुकडा आणला आहे का?

पहिल्या प्रश्नाचें महत्त्व तेव्हां कळलें. घटकेदोन घटकांत ओकारी करविणारीं भूछत्रें मनुष्याला फार हैराण करतात, तरी वेळीं सलाइन मिळालें तर तो बहुधा वांचतो. खरें भय तें सहासात तासांनीं, कधीं त्याहूनहि उशिरां लक्षणें दिसूं लागतात त्यांचें. युरोपांतील कुप्रसिद्ध मृत्युछत्र त्या वर्गांतलें. तें खाणाऱ्याला आधीं ओकाऱ्याजुलाब होतात, मग एकदोन दिवस बरें वाटतें, घरचीं माणसें निश्चिंत होतात, आणि तेवढ्या अवधींत आंतल्या आंत यकृत नासत असतें. शिजविल्यानें तें विष जात नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर होतें. त्या रिंगणांतील एक छत्र आम्हीं चित्र घेण्यासाठीं घरीं आणून ठेविलें होतें. पुस्तकांत सांगितलेली जी परीक्षा आधीं करावयाची ती आम्हीं आतां केली. दांडा कापून छत्र पांढऱ्या कागदावर पालथें घातलें आणि वर वाडगा झांकून ठेविला. त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. सकाळीं वाडगा उचलला, तर कागदावर पापुद्र्यांची रेखीव नक्षी उमटली होती आणि तिचा रंग मळकट हिरवा होता.

खाद्य जातीची भुकटी पांढरी पडते. हिरवी पडणारी जात विषारी. तिचें शास्त्रीय नांव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उष्ण प्रदेशांत गवताळ जागीं ती सर्रास उगवते आणि तिच्यामुळें ठिकठिकाणीं माणसें आजारी पडतात. फसवणूक कशी होते तेंहि उघड आहे. छत्र कोंवळें असतांना खालचे पापुद्रे पांढरेच असतात. बीजाणु पिकले म्हणजे मग ते हिरवट होतात. आणि वरून घेतलेल्या चित्रांत तर पापुद्रे दिसतच नाहींत! मुलाच्या चित्रांत सर्व सौंदर्य होतें. जें पाहावयाचें होतें तेवढेंच नव्हतें.

तो मित्र तिसऱ्या दिवशीं घरीं आला. आम्ही भेटावयास गेलों. त्याच्या आईनें आम्हांला चहा दिला आणि रागाचा एकहि शब्द न काढतां ती म्हणाली, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही सांगितलं म्हणून पोरं ऐकतात." याहून कठोर बोल आम्हीं आयुष्यांत ऐकले नाहींत.

पाहणें आणि ओळखणें

त्या दिवसापासून आम्हीं स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. आमचा कॅमेरा पाहण्यासाठीं आहे, खाण्यासाठीं नाहीं. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळी पडली तर विषारी, किडे लागले असले तर निर्धोक, असल्या ज्या समजुती घरोघर ऐकूं येतात त्या सर्व खोट्या आहेत. आणि नुसतें चित्र पाहून ओळखणें हें त्याच मालिकेंतील नवें मणी आहे. आजींना वारुळावरची एक जात पक्की ठाऊक आहे. ती त्या मुळीसकट ओळखतात आणि जें ठाऊक नाहीं त्याला हात लावीत नाहींत. आम्हांला पन्नास जातींचीं नांवें अर्धीकच्चीं ठाऊक होतीं. दोहोंत ज्ञान कोणाचें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

परंतु म्हणून चित्रें घेऊं नयेत असें नाहीं. उलट नीट घेतलेलीं चित्रें फार उपयोगी पडतात. ज्या वाचकांना किंवा वाचकभगिनींना ही आवड असेल त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवाचे चार बोल सांगतों.

पहिली गोष्ट, एका छत्राचें एकच चित्र कधीं घेऊं नये. एक वरून, एक बाजूनें, एक खालच्या पापुद्र्यांचें, एक दांड्याच्या बुडाचें आणि एक भोंवतालच्या जागेचें, अशीं निदान पांच घ्यावींत. एका चित्रांत शेजारीं नाणें ठेवावें, म्हणजे आकार कळतो. उगवलें तें मातींत, शेणांत, कुजक्या लांकडावर कीं वारुळाशीं, तें लिहून ठेवावें. पापुद्रे पाहण्यासाठीं छत्र उपटण्याचें कारण नाहीं. दाढीचा लहान आरसा खालीं सरकविला कीं सर्व दिसतें. बुडाशीं पिशवीसारखें आवरण आहे कीं नाहीं हें मात्र एखाददुसऱ्या छत्राची माती उकरून पाहावेंच. अतिविषारी जातींपैकीं कित्येकांची ती खूण असते, आणि दांडा वरचेवर तोडणाऱ्याला ती कधींच दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. कडक उन्हांत पांढरें छत्र चुन्यासारखें दिसतें. सकाळीं लौकर किंवा ढगाळ वेळीं चित्र घ्यावें. ऊन आलेंच तर त्या छत्रीवर आपली छत्री धरावी. खालचा काळोख घालविण्यास पांढरा कागद किंवा डब्याचें चकचकीत झांकण पुरतें. भिंग छत्राच्या पातळीला आणावें. त्यासाठीं तिपाई नसली तर तांदुळाची पुरचुंडी कॅमेऱ्याखालीं ठेवावी. जवळून चित्र घेतांना सर्व भाग स्पष्ट यावा म्हणून भिंगाचें छिद्र लहान ठेवावें लागतें, मग प्रकाशाला वेळ अधिक लागतो आणि हात हलला कीं चित्र बिघडतें. म्हणून कळ दाबल्यावर दोन सेकंदांनीं चित्र उठेल अशी योजना करावी. गवताची आड येणारी काडी उपटूं नये, वांकवावी. आणि वारुळाशीं किंवा गवतांत हात घालण्यापूर्वीं काठीनें आवाज अवश्य करावा; तें घर ज्याचें समजलें जातें तो कधीं कधीं खरोखरीच घरीं असतो.

तिसरी गोष्ट, आपल्या चित्रांचा उपयोग जाणत्यांना होऊं द्यावा. पुण्यास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या प्रयत्नांनीं १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी ही संस्था निघाली. १९९२ पासून तिच्या प्रयोगशाळेला आघारकर संशोधन संस्था असें नांव आहे. तेथें कवकांच्या वाळविलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह असून त्याला या विषयांतील आद्य महाराष्ट्रीय अभ्यासक आजरेकर यांचें नांव दिलेलें आहे. असल्या संग्रहाला जागा आणि तारीख नोंदलेल्या साध्या निरीक्षणाचेंहि मोल असतें. हौशी मनुष्याचें काम शास्त्राला लागत नाहीं असें कोणीं समजूं नये. मुलांसाठीं सशाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिएट्रिक्स पॉटर या बाईंनीं तरुणपणीं शेंकडों भूछत्रांचीं चित्रें रंगविलीं. बीजाणूंच्या अंकुरण्यावर त्यांनीं लिहिलेला निबंध १८९७ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटींत मांडला गेला. परंतु स्त्रियांना तेथें प्रवेश नसल्यामुळें तो दुसऱ्यानें मांडावा लागला. १९६७ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, भूछत्रांवरील एका ग्रंथांत त्यांचीं तीं चित्रें छापलीं गेलीं. कारण तीं सुंदर होतीं, आणि अचूकहि होतीं.

फाळक्यांचा वाटाणा

आमचा पुतण्या त्या प्रसंगानंतर फार खचला होता. मोबाइलला हात लावीना. त्याला पुन्हां मळ्यांत आणण्यासाठीं आम्हीं त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली.

फाळके आपल्याच जिल्ह्यांतले. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं त्यांचा जन्म झाला आणि १९४४ सालीं नाशिकांत ते वारले. १९१२ सालीं ते लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. परंतु या धंद्यांत पैसा घालण्यास कोणी धजेना. तेव्हां त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला आणि रोज थोडें थोडें असें महिनाभर त्याचें चित्रण केलें. पडद्यावर तो वाटाणा सुमारें एका मिनिटांत अंकुरला, वाढला आणि वेल झाला. 'अंकुराची वाढ' म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या चिमुकल्या चित्रानें सावकाराची खात्री पटली आणि १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फिल्मला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीनें राबल्या, हेंहि आम्हीं मुद्दाम सांगितलें. भारतीय चित्रपटाच्या इतिहासांत एका वाटाण्याच्या रोपाला असा मान आहे.

"वाटाण्याला महिना लागला," आम्ही म्हणालों, "भूछत्राला एक रात्र पुरेल."

उकिरड्याच्या कडेला त्या संध्याकाळीं मसीछत्राच्या जातीचे दोन कोंब वर आले होते. पुतण्यानें मोबाइल तिपाईवर बसविला, बाजूला एक मंद दिवा ठेविला आणि रात्रीं नऊपासून सकाळीं सातपर्यंत दर मिनिटाला एक याप्रमाणें चित्रें घेण्याची व्यवस्था केली. दहा तासांचीं ६०० चित्रें झालीं. सेकंदाला २४ याप्रमाणें तीं २५ सेकंदांत संपलीं. परंतु त्या २५ सेकंदांत काय नव्हतें! कोंब लांबला, डोकें फुगलें, मिटलेली घंटा उघडून छत्र झालें. आणि उजाडतां उजाडतां त्याच्या कडा काळ्या होऊन शाईसारखी विरघळूं लागल्या. हा नाश नव्हे, ही युक्ति आहे. खालची कड विरघळत जाते तसतसे वरचे पापुद्रे मोकळे होतात आणि पिकलेले बीजाणु वाऱ्यावर जातात. एकेका छत्रापासून असे कोट्यवधि बीजाणु सुटतात, आणि त्यांतला एखादाच कोठें तरी रुजतो.

आजारांतून उठलेला तो मित्रहि पाहावयास आला होता. त्यानें तें चित्र चार वेळां पाहिलें. आजींनीं एकदांच पाहिलें आणि म्हणाल्या, "रातभर हे असं चालतंय व्हय!" इतकीं वर्षें त्यांनींहि तें फक्त सकाळींच पाहिलें होतें.

घटांतील माती

घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं आम्ही नाशिकला परतलों. घटासाठीं माती दरसाल मळ्यांतूनच आणतों. तीत थोडें शेणखत मिसळलेलें असतें. पांचव्या माळेच्या दिवशीं सकाळीं पाहतों तों, बोटभर वाढलेल्या गव्हाच्या पिंवळ्या अंकुरांतून राखी रंगाचें एक इवलेंसें छत्र वर डोकावत होतें.

घरांत थोडी चर्चा झाली. काढून टाकावें असें एकीचें मत पडलें. आमची आई ऐंशीच्या पुढची. ती देवापुढें बसली होती. तिनें चष्मा लावून तें पाहिलें आणि म्हणाली, "असूं द्या. आपण पेरलें नाहीं, तरी देवीच्याच मातींत आलें आहे."

दुपारपर्यंत तें मान टाकून गेलें. त्यापूर्वीं आम्हीं त्याचीं पांच चित्रें घेतलीं. वरून, बाजूनें, आरसा धरून खालून, बुडाचें आणि घटासकट. मग वही काढून नोंद केली. जागा: घरचा घट. माती: वणीची. दिवस: पांचवी माळ. भुकटीचा रंग: काळा. आणि नांवाच्या रकान्यांत, 'बहुधा' हा शब्द टाळून, आम्हीं लिहिलें: ठाऊक नाहीं.